बिघाड शिकवताना

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिकवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आणि त्याच्याही आधी याच ट्रेडचा विद्यार्थी. बाकावरून, मशीनसमोरून आणि फळ्यासमोरून असं तिन्ही ठिकाणांहून हे शिक्षण पाहिलं आहे, म्हणून त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मुलाला नोकरी लागली की तो पेढे घेऊन येतो. पुढं त्याचं कसं चाललंय हे आपण विचारतो, तो "मजेत आहे सर" म्हणतो, आणि विषय संपतो. कारखान्यातून निदेशकाला, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकाला, उलटा फोन सहसा येत नाही. मला एकदा आला. आमच्या बॅचमध्ये पहिला आलेला मुलगा एका कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागला होता. चौथ्या महिन्यात तिथल्या मेंटेनन्स सुपरवायझरनं फोन केला. जुन्या ओळखीचा माणूस, त्यामुळं आडपडदा नव्हता. म्हणाला, "सर, पोरगं गुणाचं आहे. वेळेवर येतं, सांगितलेलं ऐकतं. पण मशीन उभं राहिलं की तेही मशीनशेजारी उभं राहतं."

झालं होतं ते असं. रात्रपाळीत पॅकिंग लाइनवरचं एक मशीन थांबलं. पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, एका इनपुटचा दिवा लागत नव्हता. त्या इनपुटला एक प्रॉक्झिमिटी सेन्सर जोडलेला, बोटाएवढा. मशीनच्या हलत्या भागाबरोबर त्याची केबल रोज हजारो वेळा वाकायची, ती आतून तुटली होती. वरून केबल धडधाकट. इनपुटच्या दिव्यांकडं एकदा नजर टाकायची, कोणता सेन्सर बोलत नाही ते बघायचं, त्याची केबल हलवून पाहायची, एवढंच काम होतं. दुसऱ्या पाळीच्या माणसानं येऊन ते दहा मिनिटांत केलं. तोपर्यंत दीड तास लाइन बंद होती. आणि या मुलाला पीएलसीचा लॅडर डायग्राम न बघता काढता येत होता. मीच शिकवला होता.

पुढच्या सुट्टीला तो घरी आला. मी त्याला बोलणार होतो. त्याआधी तोच खाली मान घालून म्हणाला, "सर, आपल्याकडं कधी काही बिघडलेलं नव्हतंच की."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत जाऊन मी नीट पाहिलं. बिघडलेल्या वस्तू आमच्याकडं होत्या, भरपूर होत्या. बंद पडलेले ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय, जुने टीव्ही, यूपीएस. पण त्या सगळ्या कपाटात, कुलपात. डेड स्टॉक रजिस्टरला त्यांची नोंद होती आणि निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. हात लावून काही हरवलं तर उत्तर निदेशकानं द्यायचं. जे चालू होतं ते ट्रेनर किट होतं. त्यावर सर्किट छापलेलं असतं, टर्मिनलांना नंबर असतात, पाठात दिलेल्या क्रमानं वायर लावायच्या, रीडिंग घ्यायचं, फाइलमध्ये लिहायचं, सही घ्यायची. दोन वर्षांत असे कितीतरी जॉब होतात. प्रत्येक जॉब बरोबर निघतो, कारण तो बरोबर निघावा अशाच पद्धतीनं दिलेला असतो. मुलगा दोन वर्षं फक्त निरोगी सर्किटं बघतो आणि मग आपण त्याला दवाखान्यात नोकरीला पाठवतो.

याचं मूळ जुनं आहे असं मला वाटतं. केंद्र सरकारची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. तेव्हा कारखान्याला फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर हवे होते. फिटरचं शिक्षण म्हणजे लोखंडाचा तुकडा घ्यायचा, कानशीनं घासायचा, राइट अँगल लावून बघायचा आणि मापात आणायचा. जॉब मापात आला म्हणजे हात तयार झाला. त्या कामाला ती पद्धत शोभते, आजही शोभते. आमच्या ट्रेडचं बाहेरचं काम मात्र बहुतेक वेळा काहीतरी चालेनासं झालं की सुरू होतं. तरी आम्ही शिकवण्याचा साचा फिटरचाच ठेवला. परीक्षेच्या पद्धती बदलल्या. २०१३ साली सेमिस्टर आलं, २०१८ साली पुन्हा वार्षिक पद्धत आली, थिअरीचा पेपर संगणकावर गेला, चार पर्यायांतून एक निवडायचा झाला. पण बिघाडाला कोणी चार पर्याय देत नाही. तिथं पर्यायही आपणच शोधायचे असतात.

त्या उन्हाळ्यात मी माझी रजा टाकून तीन आठवडे एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात जाऊन राहिलो. मालक ओळखीचे होते, त्यांनी येऊ दिलं. मी कारखाना सोडला तेव्हा पॅनलमध्ये रिले आणि टायमरच जास्त होते, आता जागोजागी ड्राइव्ह आणि टच स्क्रीन बसले होते. पण मला खरं शिकवलं ते तिथल्या एका जुन्या मेंटेनन्सवाल्या मामांनी. निवृत्तीला आलेले, शिक्षण दहावीपर्यंत. ब्रेकडाऊनचा निरोप आला की ते आधी पॅनल उघडत नसत. ऑपरेटरला विचारत, "बंद पडायच्या आधी काय झालं? आवाज बदलला होता का? आधी कुणी हात लावला होता का?" मग मशीनभोवती एक फेरी. मग डोळ्यांनी दिवे बघायचे. मीटर हातात घ्यायचा तो शेवटी, आणि घेण्याआधी काय रीडिंग यायला हवं ते तोंडानं म्हणायचं. "चोवीस व्होल्ट यायला पाहिजेत" असं म्हणून मगच प्रोब लावायचे. अंदाज न करता मीटर लावला तर आलेल्या आकड्याचा उपयोग नाही, हे मी सहा वर्षं नोकरी करून हातानं करत होतो. वर्गात मात्र एकदाही तोंडानं सांगितलं नव्हतं. इतकं अंगात मुरलेलं होतं की ते शिकवायचं असतं हेच लक्षात आलं नव्हतं.

जूनपासून मी कामाला लागलो. कपाटातल्या वस्तूंना हात लावता येत नव्हता, म्हणून बाहेरून गोळा केलं. बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडून टाकाऊ बोर्ड. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडून मेलेले ॲडॉप्टर. मुलांना सांगितलं, गावातले गेलेले एलईडी बल्ब आणा. आठवड्यात दोन पोती बल्ब जमले. त्या बल्बांनी मोठं काम केलं. टोपी काढली की आत पत्र्याच्या चकतीवर बारीक एलईडी मालिकेत जोडलेले दिसतात. त्यातल्या एखाद्यावर काळा ठिपका असतो. तो एक गेला की साखळी तुटते आणि सगळा बल्ब अंधारात. सिरीज सर्किट मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत होतो. घरच्या बल्बातला काळा ठिपका बघितल्यावर ते एका तासात समजलं, आणि उष्णतेनं एलईडी का जातो हा प्रश्न मुलांनीच विचारला.

सुरक्षितता आधी. ॲडॉप्टर उघडायचा म्हणजे २३० व्होल्टशी गाठ. प्रत्येक टेबलावर सिरीज बोर्ड केला, म्हणजे साध्या शंभर वॅटच्या बल्बातून सप्लाय द्यायचा. ॲडॉप्टर आतून शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो, फ्यूज उडत नाही, भडका होत नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात, म्हणून रेझिस्टर लावून तो रिकामा केल्याशिवाय हात घालायचा नाही. एका मुलानं विचारलं, "सर, घरात दोनशे तीस, मग आत सव्वातीनशे कुठून आले?" मी त्याला वर्कशॉप कॅल्क्युलेशनची वही आणायला सांगितली. दोनचं वर्गमूळ १.४१४, गुणिले २३०, उत्तर ३२५. त्या विषयाच्या तासाला डोळे मिटणारी मुलं त्या दिवशी स्वतः गुणाकार करत होती, कारण तो आकडा आता हाताला झटका देऊ शकत होता.

एक तास मला तपशिलानं सांगायचा आहे. बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा एक ॲडॉप्टर टेबलावर होता. चिठ्ठी होती: कॅमेरा चालू होतो, लगेच बंद पडतो. तीन मुलांनी मीटर लावला. बारा व्होल्ट, अगदी बरोबर. तिघांनीही वहीत लिहिलं, ॲडॉप्टर चांगला, कॅमेरा खराब. चौथी एक मुलगी होती, जवळच्याच वाडीवरची, बोलायला फार कमी. तिनंही मीटर लावला, बारा व्होल्ट बघितले, आणि नुसती बसून राहिली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं ती उठून बाहेर गेली आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब घेऊन आली, माझ्याच गाडीचा, मला विचारून काढलेला. तो ॲडॉप्टरला जोडला आणि मग मीटर लावला. पाच व्होल्ट. बल्ब मिणमिणत होता. ती म्हणाली, "सर, रिकाम्या हातानं चालतोय, ओझं दिलं की बसतोय."

पुढचं सोपं होतं. आउटपुटच्या बाजूचा एक कपॅसिटर वरून किंचित फुगलेला होता. बोट फिरवलं तर कळेल एवढाच. तो काढून तसाच दुसरा घातला, बल्ब झगझगीत, मीटरवर बारा. पाच-दहा रुपयांचा भाग. पण त्या कपॅसिटरपेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते तिचं नुसतं बसून राहणं. त्या वेळात ती विचार करत होती की मीटर सांगतोय ते आणि चिठ्ठीवर लिहिलंय ते एकाच वेळी खरं कसं असेल. हा विचार करायला वेळ लागतो, आणि आपल्या वेळापत्रकात तासाला एक जॉब पूर्ण करायचा असल्यामुळं तो वेळ कुठंच नसतो. ज्यांनी आधी "ॲडॉप्टर चांगला" लिहून टाकलं त्यांना वेळापत्रकानं शाबासकी दिली असती.

तेव्हापासून आमच्याकडं जॉबच्या फाइलशिवाय प्रत्येकाची एक बिघाडवही असते. मराठीत लिहायची, घरी बोलतो तशी. पाच ओळी: काय दिसलं, काय वाटलं, काय मोजलं, काय निघालं, काय केलं. यातली दुसरी ओळ सर्वांत मोलाची. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, असा नियम आहे. सुरुवातीला मुलं उत्तर कळल्यावर अंदाज लिहायची, म्हणजे तो कधी चुकायचाच नाही. शाळेत दहा वर्षं चूक म्हणजे लाल रेघ हेच शिकलेली मुलं, त्यांचा काय दोष? चुकलेल्या अंदाजालाही मी मार्क द्यायला लागलो तेव्हा वह्या खऱ्या झाल्या. एका मुलानं मुलाखतीला प्रमाणपत्रांबरोबर ही वहीही नेली होती. समोरच्या इंजिनिअरनं प्रमाणपत्रं बाजूला ठेवून वही वाचली आणि तिच्यातल्याच एका बिघाडावर अर्धा तास प्रश्न विचारले. मुलाला उत्तरं आली, कारण ती त्यानं पाठ केलेली नव्हती.

इंग्रजीचा प्रश्न यात वेगळाच उभा राहतो. आयसीची डेटाशीट इंग्रजीत असते आणि आमची निम्मी पोरं तिथंच हबकतात. त्यांना वाटतं आधी इंग्रजी यावं लागेल. मी सत्तर-ऐंशी डेटाशीट घेऊन बसलो आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द काढले. साठ-पासष्ट शब्दांच्या पुढं यादी जाईना. इनपुट, आउटपुट, मॅक्झिमम, टिपिकल, रेटिंग, अशा शब्दांचा तक्ता करून भिंतीवर लावला. ७८०५ या रेग्युलेटरची शीट काढून दिली आणि विचारलं, याला कमीत कमी किती व्होल्ट द्यावे लागतात? पाच बाहेर काढायला आत सातच्या आसपास लागतात, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. डेटाशीटचं इंग्रजी ही छोटी, वेगळी भाषा आहे. ती महिन्याभरात येते. हे आपण मुलांना सांगत नाही आणि ती इंग्रजीच्या नावानं आयुष्यभर मागं राहतात.

मधे मी पाबळला जाऊन आलो. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हातानं काम करत तंत्रज्ञान शिकावं आणि शिकता शिकता गावाला सेवा द्यावी, असा त्यांचा विचार. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं २००२ साली तिथं फॅब लॅबही उभी राहिली. मला तिथं जी गोष्ट भावली ती यंत्रांपेक्षा साधी होती: काम कुणासाठी तरी असतं. वस्तू घ्यायला माणूस येणार असतो. आमचे जॉब सही झाली की परत सुटे करून डब्यात जातात, कारण कच्चा माल पुढच्या बॅचला वापरायचा असतो. परत आल्यावर मी आठवड्याच्या बाजारादिवशी संस्थेच्या फाटकाशी दुरुस्तीचं टेबल लावायची परवानगी मागितली. प्राचार्यांनी ती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मिक्सर, टॉर्च, पंपाचे मोबाइल स्टार्टर, औषध फवारणीच्या बॅटरी पंपांचे चार्जर येऊ लागले. पहिल्याच दिवशी एक आजोबा पंपाचा चार्जर परत घेऊन आले आणि म्हणाले, "दुपारपर्यंत चालला, परत बंद." ज्या मुलानं तो जोडला होता त्यानं सोल्डरचा सांधा भिंगातून बघितला. राखाडी, खडबडीत, ड्राय सोल्डर. त्यानं आजोबांची माफी मागितली आणि सांधा पुन्हा केला. ड्राय सोल्डर म्हणजे काय हे मी त्याला त्याआधी निदान पाच वेळा दाखवलं होतं.

आता नव्या ट्रेडांची लाट आहे. इलेक्ट्रिक वाहन, सौरऊर्जा, इंटरनेट ऑफ थिंग्ज, थ्रीडी प्रिंटिंग. हे ट्रेड यायलाच हवेत, आणि मी स्वतः त्यातलं जेवढं शिकता येईल तेवढं शिकतो आहे. पण नाव नवं आणि साचा जुना राहिला तर पुन्हा तेच होईल. मी पाहिलेल्या एका संस्थेत नव्या ट्रेडचं महागडं यंत्र दोन वर्षं प्लास्टिकच्या वेष्टणात उभं होतं, कारण ते बिघडलं तर काय, ही भीती. दुसरीकडं आमच्या मुलांनी ई-स्कूटरचा एक टाकाऊ बॅटरी पॅक मिळवला. तो मी त्यांच्या हाती दिला नाही. लिथियमचा पॅक चुकून शॉर्ट झाला तर आग लागते. मी उघडला, सगळ्यांनी चष्मे लावून लांबून बघितलं. तेरा गट मालिकेत, प्रत्येकी साधारण ३.७ व्होल्ट, मिळून ४८. मोजलं तर बारा ठीक, एक खाली गेलेला. त्या एकामुळं बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट अख्खा पॅक बंद करत होतं. मागून आवाज आला, "सर, हा तर बल्बातला काळा ठिपका!" लाखाची गाडी आणि गावातून गोळा केलेला गेलेला बल्ब, दोन्हींतला सिरीज सर्किटचा धडा एकच होता, आणि तो त्या मुलानं स्वतः जोडला होता.

व्यवसाय शिक्षण सुधारायचं तर काय करावं असं कुणी विचारलं की मी दोनच मागण्या करतो. निदेशकाला दरवर्षी महिनाभर कारखान्यात पाठवा, पाहुणा म्हणून नव्हे, पाळीवर, हजेरीसकट. आम्ही वर्गात वीस-वीस वर्षं राहतो, आणि बाहेर तेवढ्या काळात पिक्चर ट्यूबचा टीव्ही येऊन निघूनही जातो. तो निघून गेल्यावरही मी तो काही वर्षं शिकवत होतो, कारण मला दुसरं कोणी दाखवलं नव्हतं. त्या वर्षांतल्या मुलांचं नुकसान झालं, आणि ते भरून देता येत नाही. दुसरी मागणी, प्रात्यक्षिक परीक्षेत एक बिघडलेली वस्तू समोर ठेवा. ती दुरुस्त झाली का यापेक्षा मुलगा तिच्यापर्यंत कसा पोचला याला मार्क द्या. परीक्षेत जे विचारलं जाईल तेच सगळ्या संस्थांत शिकवलं जाईल, याची मला खात्री आहे.

या मागण्या पूर्ण करणं धोरण ठरवणाऱ्यांच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. महाराष्ट्रात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत. तुमच्या तालुक्यातही बहुधा एक असेल. तुमचा कारखाना असो, वर्कशॉप असो, दुरुस्तीचं दुकान असो, बंद पडलेला ड्राइव्ह, पॉवर सप्लाय किंवा बोर्ड भंगारवाल्याला घालण्याआधी तिथं एक फोन करा. वस्तू देताना फक्त एक चिठ्ठी चिकटवा: कधी बंद पडला आणि त्या वेळी काय दिसलं. बाकीचं मुलं शोधतील.